लांबलचक फ्रेंच नामं कशी फोडायची: एकदा कानाने, एकदा अर्थाने

मी फ्रेंच शिकवते. बी-वनच्या (मधल्या पातळीच्या) तुकडीला शिकवताना एकदा फळ्यावर फक्त एक शब्द लिहिला: देझेँद्युस्त्रियालीझास्योँ. कारखाने बंद पडत जाणं, देशातलं औद्योगिक उत्पादन ओसरत जाणं, या सगळ्याला मिळून हे एक नाम. फ्रान्सच्या बातम्यांत ते नेहमी भेटतं. रोमन लिपीत २० वर्ण. एका मुलीने वाचलं, "देस्... इन्दुस्त्री... यालिझेशन." अर्थ मात्र तिने अचूक सांगितला. तिच्या शेजारच्या मुलाने रेकॉर्डिंग ऐकून ऐकून तोच शब्द इतका सफाईने म्हटला की पॅरिसमध्येही कुणी थबकलं नसतं. अर्थ विचारला, तर गप्प.

शब्द दोघांनीही फोडला होता. तिने अर्थाच्या सांध्यावर फोडला, त्याने उच्चाराच्या. फ्रेंचमध्ये हे सांधे एका जागी येतीलच असं नाही, म्हणून मोठा शब्द दोनदा फोडावा लागतो. आपल्याला हे नवं नाही. 'निराधार' अर्थाने निर् + आधार, पण बोलताना नि-रा-धार. 'निर्' म्हणून कुणी थांबत नाही. र् पुढच्या स्वराला जाऊन चिकटतो. हीच सवय फ्रेंचमध्ये न्यायची आहे.

आधी खुणा ठरवून घेऊ

रोमन लिपीतल्या एकेका चिन्हाला मी 'वर्ण' म्हणेन. 'अक्षर' म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, अभंगात सहा-सहा-सहा-चार असं मोजतो ते. चंद्रबिंदू (ँ) दिसला की स्वर नाकातून काढायचा, पण त्यानंतर 'न' अजिबात ऐकू येता कामा नये. 'झ' झाडातला. 'यु' लिहिलंय तिथे ओठ 'उ'साठी गोल करायचे आणि जीभ 'ई'च्या जागी ठेवायची.

'त' आणि 'द' फ्रेंचमध्ये दंत्यच आहेत, आपल्या 'ताक' आणि 'दही'मधले. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं 'ट' आणि 'ड' म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं. हातातली आयती गोष्ट टाकून देतात.

कानाची फोड

पहिली पायरी: स्वर शोधा. एका अक्षरात एकच स्वर, पण तो लिहायला दोन-तीन वर्ण लागू शकतात. ई-ए-यू मिळून 'ओ' (बातो, म्हणजे जहाज), ओ-यू मिळून 'ऊ', ओ-आय मिळून 'वा'. पेन्सिलीने अशा जोड्यांखाली कंस काढा. फ्रान्समध्ये पहिलीतली मुलं हेच करतात: प्रत्येक अक्षराखाली छोटी कमान काढतात आणि न बोलले जाणारे वर्ण करड्या रंगात रंगवतात. मोठ्यांनीही हे करायला लाजू नये.

दुसरी पायरी: व्यंजनं वाटून द्या. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराचं: ए-को-नो-मी. दोन असतील तर एक मागे, एक पुढे: पार्-ती. मात्र दुसरं व्यंजन 'र' किंवा 'ल' असेल, तर जोडी सहसा फुटत नाही आणि पूर्ण पुढे जाते: ता-ब्लो (चित्र, फळा), पा-त्री-म्वान (वारसा). जोडीत 'र' आधी असेल तर ती फुटते: पार्-ले. सी-एच (श), पी-एच (फ) आणि जी-एन (न्य) यांना एकच व्यंजन धरायचं.

इथे आपला कान दगा देतो, म्हणून जरा थांबते. मराठीत 'पुत्र' आपण 'पुत्-त्र' असा म्हणतो. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येतो, म्हणून तर वृत्तात ते गुरू होतं. हीच सवय घेऊन आपण 'पात्रीम्वान'चं 'पत्-त्रीम्वान' करतो. फ्रेंच कानाला ते खटकतं. मागचं अक्षर उघडं सोडा, 'पा' सैल म्हणा आणि 'त्री' सबंध पुढे टाका. हे एवढं जमलं तरी उच्चार निम्मा सुधारतो.

तीन व्यंजनं आली आणि मधलं 'एस' असेल, तर लिहिताना 'एस' मागे राहतो: एँस्-ती-त्यु-स्योँ (संस्था). जुळी व्यंजनं लिखाणात मधोमध तुटतात, कानाला मात्र एकदाच ऐकू येतात.

तिसरी पायरी: नाकातला स्वर की 'न'? स्वरानंतर एन किंवा एम आला आणि त्यापुढे दुसरं व्यंजन असेल किंवा शब्दच संपत असेल, तर स्वर नाकात जातो आणि 'न' नाहीसा होतो. त्याच्यापुढे स्वर आला किंवा एन जुळा झाला, तर नाक बंद आणि 'न' खणखणीत. 'व्यवसाय' म्हणजे प्रो-फे-स्योँ, पण 'व्यावसायिक' म्हणजे प्रो-फे-स्यो-नेल. शब्द वाढला आणि नाकातला स्वर नाकातून बाहेर आला. लांब नामांत हे वारंवार घडतं.

मराठी बोलणारे इथे 'कोँस्तीत्युस्योँ'चं (राज्यघटना) 'कोन्स्तित्युशन' करतात, कारण आपला अनुस्वार पुढच्या व्यंजनाजोगा न्, म्, ङ् होतो. एके काळी 'नांव', 'पांच' असं लिहिलं जाई. १९६२ च्या लेखननियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. कोकणीत सानुनासिक स्वर आजही जिवंत आहेत, त्यामुळे कोकणी कानावर पडत वाढलेल्या मुलांना ही पायरी फार लवकर जमते. बाकीच्यांनी 'हँ?' असं विचारताना नाक जे करतं, ते आठवावं.

चौथी पायरी: मुका ई, म्हणजे 'अ'सारखा पुसट वाजणारा किंवा अजिबात न वाजणारा रोमन ई. लिखाणात याचं अक्षर मोजलं जातं, बोलण्यात ते बहुधा गळतं. 'विकास' या अर्थाचा शब्द लेखी पाच अक्षरांचा, दे-व-लो-प-माँ. बोलताना तीनच उरतात, दे-व्लोप्-माँ. आपण 'दगडाला' लिहितो आणि 'दग्डाला' म्हणतो, तसंच हे. पण 'सरकार' या अर्थाच्या गू-वेर्-न-माँ मध्ये तो 'न'चा अ राहतो. तो गाळला तर र्, न्, म् अशी तीन व्यंजनं एकमेकांवर आदळतील. मोरिस ग्रामों या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने हे निरीक्षण 'तीन व्यंजनांचा नियम' म्हणून मांडलं. नियम लोखंडी नाही, पण शिकणाऱ्याला पुरेसा आहे: गाळल्यावर तोंड अडखळतंय का, ते पाहा, अडखळलं तर ठेवा.

पाचवी पायरी: टी-आय-ओ-एन. या शेपटीतला 'टी' बहुतेक वेळा 'स' होतो आणि सबंध शेपटी एका अक्षरात बसते: स्योँ. आधी 'एस' असेल तर 'त' टिकतो: केस्-त्योँ (प्रश्न), कोँ-ब्युस्-त्योँ (ज्वलन). दोन स्वरांमधला एकटा 'एस' झाडातला 'झ' होतो, म्हणून -झा-स्योँ. अभिजात फ्रेंच कवितेत मात्र 'ना-स्योँ' (राष्ट्र) हा शब्द ना-सी-ओँ असा तीन अक्षरांत मोजतात, नाहीतर बारा अक्षरांची आलेक्साँद्रेँ ओळ लंगडी पडते. तेव्हा कुणी अक्षरं किती असं विचारलं, तर आधी विचारा: लेखी, बोलीतली की कवितेतली?

आता फळ्यावरचा शब्द: दे-झेँ-द्युस्-त्रि-या-ली-झा-स्योँ. आठ अक्षरं. 'त्र'नंतर लगेच आय आणि पुढे स्वर आला की आय पूर्ण अक्षर घेतो, म्हणून 'त्रि-या' दोन. छापताना ओळ तोडायची झाली तर मात्र दोन स्वरांमध्ये तोडत नाहीत, त्यामुळे लेखी फोडीत ते एकत्र राहतात आणि अक्षरं सातच भरतात.

अर्थाची फोड: शेवटाकडून सुरू करा

कमानी पुसून टाका. आता शब्द शेपटीकडून सोलायचा. शेपटी तीन गोष्टी सांगते: हे नाम आहे का, त्याचं लिंग काय, आणि आतला गाभा क्रियापद आहे की विशेषण.

सगळ्यात उपयोगी शेपटी -ईझास्योँ. ही आपली '-ईकरण'च आहे. 'राष्ट्रीयीकरण' घ्या: राष्ट्र + ईय + ईकरण. फ्रेंच ना-स्यो-ना-ली-झा-स्योँ: ना-स्योँ + आल + ईझास्योँ. तुकड्याला तुकडा जुळतो, क्रमही तोच. पुढे एँ-तेर् जोडलं की आंतरराष्ट्रीयीकरण. हे एकदा दिसलं की लांब शब्दाची भीती जाते, असा माझा अनेक तुकड्यांचा अनुभव आहे. -ईझास्योँवाली सगळी नामं स्त्रीलिंगी.

-ईते म्हणजे आपली '-ता': वास्तविकता, रे-आ-ली-ते. आपली '-ता' स्त्रीलिंगी, फ्रेंच -ईतेही स्त्रीलिंगी. लक्षात ठेवायला काही करावं लागत नाही. 'कोमीते' (समिती) पुल्लिंगी आहे, कारण तिथे शेवटचा तुकडा हा प्रत्ययच नाही. -इझ्म् (आपला '-वाद') पुल्लिंगी, नेहमी.

-माँ जपून हाताळा, ती दोन वेगवेगळ्या शेपट्यांचं सोंग घेते. सोलल्यावर आत क्रियापद निघालं तर पुल्लिंगी नाम: गूवेर्ने (राज्य करणं) पासून गूवेर्नमाँ. आत स्त्रीलिंगी विशेषण निघालं तर ते नामच नाही, क्रियाविशेषण आहे. फ्रेंच मुलं मोठ्या हौसेने पाठ करतात तो २५ वर्णांचा शब्द, आँतीकोँस्तीत्युस्योनेलमाँ (घटनाविरोधी रीतीने), याच दुसऱ्या जातीचा.

लिंगाचा मुद्दा मी एवढा का लावून धरते? लांब नामं पुष्कळदा स्वराने सुरू होतात. मग 'ल' किंवा 'ला' हे उपपद आकसून नुसतं 'ल्' उरतं आणि पहिल्या अक्षरात विरघळतं: लेँ-तेर्-ना-स्यो-ना-ली-झा-स्योँ. लिंग पुढून दिसतच नाही. ते शेपटीवरूनच ओळखायचं.

गाभा रूप बदलतो

शेपटी काढली की आतला शब्द ओळखीचा दिसेलच असं नाही. तीन बदल सतत भेटतात.

शेवटचं -एल पुढे प्रत्यय आला की -आल होतं: रेएल (खरा) पासून रेआलीते, पेर्सोनेल (वैयक्तिक) पासून पेर्सोनालीते (व्यक्तिमत्त्व). शेवटचं -आब्ल् हे -आबिल होतं: रेस्पोँसाब्ल् (जबाबदार) पासून रेस्पोँसाबिलीते.

तिसरा बदल माझा सर्वांत लाडका. फ्रेंच लांब नामं पुष्कळदा वापरातल्या झिजलेल्या शब्दावर उभी राहत नाहीत. ती लॅटिनचा जुना धागा पकडतात. आपण 'हाता'पासून 'हातलिखित' करत नाही, 'हस्त' आणतो. फ्रेंचमध्ये हात म्हणजे 'मेँ', पण हस्तलिखित म्हणजे मा-न्यु-स्क्री: मान्यु हा हस्त, स्क्री हे लिखित. आई म्हणजे 'मेर', मातृत्व म्हणजे मा-तेर्-नी-ते. पाणी म्हणजे नुसतं 'ओ', जलवाहिनी म्हणजे आक्-द्युक्. तद्भव आणि तत्सम शाळेत शिकलेल्या मराठी माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

लिखाणातली एक खोच मात्र सोडवता येत नाही, पाठच करावी लागते: जुळा एन. -योनेल नेहमी जुळा एन घेतं, -योनाल बहुधा एकच. पण -एलचं -आल झाल्यावर काय? 'व्यावसायिकीकरण'मध्ये (प्रोफेस्योनालीझास्योँ) जुळा राहतो, 'सयुक्तिकता'मध्ये (रास्योनालीते) एकटा होतो. कानाला फरक शून्य. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करा आणि भेटेल तसा शब्द टिपत जा.

आता पुढची बाजू

नकाराचा 'दे' व्यंजनापुढे 'दे' असतो, स्वरापुढे 'देझ्' होतो. आपला 'अ' स्वरापुढे 'अन्' होतो तसा: अज्ञान, पण अनावश्यक. हा 'झ्' अर्थाने उपसर्गाचा, उच्चाराने पुढच्या अक्षराचा. फळ्यावरचा शब्द इथेच फसवत होता.

दुसरा नकार आय-एन. व्यंजनापुढे तो नाकातला 'एँ' होतो. बी, पी, एम यांच्यापुढे एनचा एम होतो. एल आणि आरपुढे त्यांच्यातच मिसळतो. स्वरापुढे तो फुटून इ-न होतो: इ-न्यु-तील (निरुपयोगी), अर्थाने आय-एन + युतील.

उपसर्ग काढल्यावर एक कसोटी लावा: उरलेला शब्द अस्तित्वात आहे का? 'एँद्युस्त्री' (उद्योग) मधला 'एँ' काढला तर 'द्युस्त्री' असं काही उरत नाही, म्हणजे तो नकार नव्हताच. एँ-फ्ला-माब्ल् म्हणजे तर 'पेट घेणारं', न पेटणारं नव्हे. न पेटणाऱ्याला आणखी एक नकार लागतो: इ-नेँ-फ्ला-माब्ल्. डब्यावर हा शब्द वाचताना पहिलं अक्षर पुन्हा वाचा.

एक शब्द पूर्ण फोडून दाखवते: घटनाबाह्यता. कानाने एँ-कोँस्-ती-त्यु-स्यो-ना-ली-ते, आठ अक्षरं, २० वर्ण. अर्थाने, शेपटीकडून: -ईते काढा, म्हणजे स्त्रीलिंगी भाववाचक नाम. उरलेल्या -आलचं मूळ -एल करा, कोँस्तीत्युस्योनेल (घटनात्मक) हाती येतं. त्यातून कोँस्तीत्युस्योँ (राज्यघटना). पुढचा 'एँ' काढल्यावर शब्द जिवंत राहतो, म्हणजे तो खरा नकार. फ्रान्समध्ये १९५८ च्या राज्यघटनेने घटना परिषद (कायदे घटनेला धरून आहेत का ते तपासणारी संस्था) स्थापन केली, आणि १ मार्च २०१० पासून चालू खटल्यातला पक्षकारही एखादा कायदा घटनेने दिलेल्या हक्कांवर गदा आणतो असा प्रश्न उभा करू शकतो. त्यामुळे हे नाम आता वकिलांपुरतं राहिलेलं नाही.

ग्रीक शब्द: इथे समास चालतो

अस्सल फ्रेंच जोडणीत मुख्य शब्द आधी येतो. आपला 'लोहमार्ग' तिथे शमेँ द फेर, 'मार्ग लोखंडाचा'. ग्रीक तुकड्यांचे वैद्यकीय शब्द मात्र आपल्या समासासारखे, मुख्य पद शेवटी. ओ-तो-री-नो-ला-रेँ-गो-लो-जी हा नऊ अक्षरांचा शब्द घ्या: ओतो कान, रीनो नाक, लारेँगो घसा, लोजी म्हणजे शास्त्र. कान-नाक-घसा, क्रमसुद्धा दवाखान्याच्या पाटीवरचाच! बोलताना फ्रेंच लोकही 'ओ-एर-एल' म्हणून मोकळे होतात.

ए-लेक्-त्रो-आँ-से-फा-लो-ग्राम् (मेंदूचा विद्युत आलेख) २२ वर्णांचा. -ग्रामवाले पुल्लिंगी, -ग्राफीवाले स्त्रीलिंगी. १९९० च्या लेखनसुधारणांनी अशा शब्दांतल्या जोडरेघा काढून तुकडे सलग लिहायची शिफारस केली. पण 'जेनीतो-युरीनेर'मध्ये (जननमूत्रसंबंधी) रेघ ठेवली, कारण ती गेली तर ओ आणि यू शेजारी येऊन 'ऊ' वाचलं जाईल. म्हणजे पहिल्या पायरीतला नियमच इथे राखण करतो.

तोंडात बसवताना

शब्द पुढून पाठ करू नका. मागून बांधा: स्योँ. झा-स्योँ. ली-झा-स्योँ. या-ली-झा-स्योँ. असं करत 'दे'पर्यंत या. फ्रेंचमध्ये जोर शेवटच्या अक्षरावर असतो. मागून बांधलं की प्रत्येक फेरीत तोंड त्या जोराच्या जागेकडे जातं आणि शब्द मध्येच धापा टाकत नाही. बाकी सगळी अक्षरं सारख्या लांबीची. टेबलावर बोटाने ठेका धरा. त्या मुलीला मी हेच करायला लावलं. पाचव्या फेरीला 'देस्' सुटला आणि 'दे-झेँ' आपसूक आलं.

हाताने लिहिताना ओळ संपली तर: एकटा वर्ण मागे सोडू नका, दोन स्वरांमध्ये तोडू नका, मुक्या ईचं अक्षर पुढच्या ओळीवर ढकलू नका. बाकीचं संगणक करतो.

सरावाला दोन शब्द, आधी स्वतः फोडून पाहा. एक, एँपेर्मेआबीलीझास्योँ: शहरात जमिनीवर काँक्रीट-डांबर पसरून पाणी मुरणं बंद होतं, त्याचं नाव. कानाने एँ-पेर्-मे-आ-बी-ली-झा-स्योँ, आठ. अर्थाने आय-एम (नकार) + पेर्मेआब्ल् (पाझरू देणारं, -आब्लचं -आबिल झालेलं) + ईझास्योँ, स्त्रीलिंगी. दोन, देसाँत्रालीझास्योँ: २ मार्च १९८२ च्या कायद्यापासून फ्रेंच प्रशासनात घर करून बसलेला शब्द. कानाने दे-साँ-त्रा-ली-झा-स्योँ, सहा, आणि 'त्रा' सबंध पुढे. अर्थाने दे + साँत्र् (केंद्र) + आल + ईझास्योँ. मराठीत: वि + केंद्र + ईकरण.